कुठे पडलो नाही, तरी हाड मोडलं कसं?

आषाढी झाली की पावलांच्या तक्रारींची पत्रं वाढतात, हे दरवर्षीचं. यंदाच्या गठ्ठ्यातून मी मुद्दाम अशी पत्रं काढली आहेत, ज्यांत हाड मोडलंय पण मार कधी लागला हे कुणालाच सांगता येत नाही. एक विनंती आधीच करतो. एक्स-रेचा फोटो पाठवायचा तर तो खिडकीच्या काचेला लावून, सरळ धरून काढा. ट्यूबलाइटखाली पलंगावर ठेवून काढलेल्या फोटोत मला चादरीची नक्षी जास्त दिसते.

प्रश्न : मी ५६ वर्षांची, माजलगाव तालुक्यातली. घरी शेती आहे, पूर्वी ऊसतोडीला जात होतो. यंदा माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून पायी निघाले. दिवेघाट चढले तेव्हा काही त्रास नव्हता. लोणंदच्या मुक्कामात उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला ठणका लागला आणि नातेपुत्यापर्यंत सूज अशी की पाऊल चपलेत शिरेना. वाटेत मलम-गोळ्या घेतल्या आणि तशीच पंढरपूरला पोचले. गावी येऊन एक्स-रे काढला, तो नॉर्मल. ‘मुका मार आहे, शेक घ्या’ म्हणाले. सूज उतरेना म्हणून तीन आठवड्यांनी परत काढला, तर हाड मोडलंय आणि जुळायला लागलंय म्हणतात. मी पडले नाही, ठेचसुद्धा लागली नाही. मुलगा म्हणतो, आधीच्या डॉक्टरांना एक्स-रे वाचता आला नाही. खरं काय? बाकी मला आजार नाही. पिशवीचं ऑपरेशन ३४व्या वर्षी झालंय. गुडघ्यांसाठी एकाकडून पुडी आणते, तिने फार आराम पडतो. पुढच्या वर्षी वारी होईल का?

उत्तर : ताई, मुलाची समजूत आधी काढू. चवड्यामागे पाच लांब हाडं असतात, त्यांना मेटाटार्सल म्हणतात. चालताना त्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्यावर भार जास्त येतो. सवयीपेक्षा फार जास्त चाललं की ती एका फटक्यात मोडत नाहीत, हळूहळू चिरत जातात. सुरुवातीची चीर इतकी बारीक असते की साध्या एक्स-रेत उमटतच नाही. दोन-तीन आठवड्यांनी शरीर तिच्याभोवती नवं हाड घालायला लागतं, तो फुगवटा दिसतो आणि मग कळतं की इथे मोडलं होतं. म्हणजे पहिल्या फिल्ममध्ये खरंच काही दिसत नसणार. एमआरआय केला असता तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं, पण प्रत्येक सुजलेल्या पावलाचा एमआरआय कुणी करत नाही आणि करूही नये. मात्र ‘पंधरा दिवसांनी पुन्हा या, पुन्हा एक्स-रे काढू’ एवढं सांगायला हवं होतं.

हे दुखणं जुनंच आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टराने १८५५ साली लांब कूच करून आलेल्या सैनिकांची सुजलेली पावलं पाहून त्याची नोंद केली. कारण मात्र त्याला कळलं नाही. एक्स-रेचा शोध १८९५चा, आणि १८९७ साली त्या सुजेखाली मोडलेलं हाड आहे हे दिसलं. अजूनही त्याला ‘मार्च फ्रॅक्चर’च म्हणतात. आमच्याकडे आषाढी-कार्तिकीनंतरच्या पंधरवड्यात ते हमखास येतं.

पण ते सैनिक विशीतले होते, हाडं धडधाकट होती आणि भार अचानक वाढला होता. तुम्ही शेतात वावरणाऱ्या, पायांना चालायची सवय असलेल्या. आळंदी ते पंढरपूर अंतर मोठं आहे हे मान्य, पण तुमच्या पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींवर मी अडलो.

पहिली पिशवी. चौतिसाव्या वर्षी नुसतं गर्भाशय काढलं की दोन्ही अंडाशयंही काढली, हे तुमच्या डिस्चार्ज कार्डावर असेल. ते शोधा. अंडाशयं गेली तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्याच दिवशी जवळजवळ बंद होतं, आणि बाईच्या हाडांची झीज धरून ठेवणारं तेच असतं. एरवी पाळी जायचं वय पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास. तुमच्या हाडांना त्याआधीची दहा-पंधरा वर्षं फुकट गमवावी लागली असतील. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या या ऑपरेशनांवरून गदारोळ झाल्यावर सरकारने २०१९ साली समिती नेमली. तिच्या पाहणीतल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या चर्चेत खाडे, मुकादम, दवाखान्यांची बिलं हे सगळं आलं, यायलाच हवं होतं. या बायका पन्नाशी-साठीत पोचतील तेव्हा त्यांच्या हाडांचं काय, हे मात्र कुणी फारसं विचारत नाही. ते आमच्या ओपीडीत येऊन पोचतं.

दुसरी पुडी. नाव-गाव नसलेल्या, ‘फार आराम पडणाऱ्या’ गुडघेदुखीच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आराम म्हणूनच पडतो. स्टेरॉइडच्या गोळ्या तीन महिन्यांच्या वर चालल्या की हाड ठिसूळ व्हायला लागतं, डोस लहान असला तरी. तोंड गोल झालंय का, कातडी पातळ होऊन थोडक्यात काळे-निळे डाग पडतात का, ते बघा. आणि हे नीट वाचा : पुडी आजच्या आज बंद करू नका. बरीच वर्षं स्टेरॉइड पोटात जात असेल तर शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. एकदम तोडलं तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं, इथपर्यंत जातं. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, ते हळूहळू उतरवतील. पुडी देणाऱ्याशी भांडण नंतर करा.

आता तपासण्या. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड संप्रेरक, थायरॉइड, आणि हिमोग्लोबिन-ईएसआरसह साधा रक्ततपास. पन्नाशीनंतर विनाकारण हाड मोडलं तर मी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसही सांगतो, कारण मायलोमा नावाचा रक्ताचा कर्करोग अशाच पावलांनी येतो. तो तुम्हाला असेल असं मी म्हणत नाही, पण नाही एवढं कळलं की झोप लागते.

आणि डेक्सा. ही हाडाची घनता मोजणारी तपासणी कमरेवर आणि खुब्यावर करतात. गावोगावच्या मोफत शिबिरांत टाच एका यंत्रात घालायला लावून ‘तुमची हाडं ठिसूळ’ असं छापील कागद देतात, ते डेक्सा नव्हे. तो कागद बघून औषध सुरू करू नका. डेक्सासाठी संभाजीनगर किंवा पुणे गाठावं लागेल. टी-स्कोर, म्हणजे तरुण माणसाच्या हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस.

ड जीवनसत्त्वाचा तपास वेगळा का सांगितला? दोन रोग आहेत आणि लोक दोन्हींना ‘कॅल्शियम कमी’ म्हणतात. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे भिंतीत विटाच कमी. ऑस्टिओमलेशिया म्हणजे विटा पुरेशा, पण कच्च्या, न भाजलेल्या. हा दुसरा रोग आपल्याकडे भरपूर आहे आणि औषध स्वस्त आहे. तो अंगात असताना डोळे झाकून ऑस्टिओपोरोसिसचं इंजेक्शन टोचलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून हातपाय वळू शकतात. म्हणून आधी तपास, मग औषध.

पावलाचं म्हणाल तर ते सोपं आहे. कडक तळाचा बूट, एकूण सहा-आठ आठवडे, आणि शेक बंद. दाबलं तर दुखत नाही आणि एक्स-रेत हाड भरलेलं दिसतं, तेव्हा बूट काढायचा. पुढे ॲलेंड्रोनेट या हाडाची झीज रोखणाऱ्या औषधाची आठवड्याची गोळी लागली तर सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहासुद्धा नाही. दात काढायचे असतील तर ते आधी उरका. वारीचं मी आत्ता ‘नाही’ म्हणत नाही. तपासण्यांचे कागद पाठवा, मग बोलू. वाखरीपासून पुढे चालणाऱ्यालाही विठोबा वारकरीच मानत असावा.

प्रश्न : वय ५१, नाशिकला रिक्षा चालवतो. मधुमेह चौदा वर्षांपासून. दीड महिन्यापूर्वी डावं पाऊल लाल झालं, सुजलं, हाताला गरम लागतं. जखम नाही, ताप नाही. आधी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं, मग युरिक ॲसिडची गोळी. आता एक्स-रेत मधली लहान हाडं मोडून सरकली आहेत म्हणतात. मला दुखत नाही म्हणून धंदा चालू आहे. प्लास्टर घालायलाच हवं का?

उत्तर : मासिक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे पत्र नव्हतं, म्हणून यांना फोन करून सांगितलं : रिक्षा आज उभी करा. इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी.

‘दुखत नाही’ हेच इथलं दुखणं आहे. बरीच वर्षं साखर चढी राहिली की पायाच्या नसा मरतात. हाड चिरलं तरी निरोप वर जात नाही, माणूस त्याच पायावर चालत राहतो, आणि एकाची दोन, दोनाची चार हाडं मोडतात. शिवाय या आजारात रक्तपुरवठा उलट वाढतो आणि सुजेच्या जागी हाड आतून विरघळायला लागतं. याला शार्को पाऊल म्हणतात. पॅरिसच्या शार्को या मज्जातंतुतज्ज्ञाने १८६८ साली गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रोग्यांतले असे सांधे वर्णन केले. मधुमेहाशी त्याचा संबंध १९३६ साली जॉर्डन यांनी दाखवला.

गफलत ठरलेली असते. लाल, गरम, सुजलेलं पाऊल दिसलं की इन्फेक्शन, गाउट (युरिक ॲसिडने सुजणारा सांधा) किंवा शिरेत गुठळी, यांपैकी एकाचा शिक्का बसतो. मी काय करतो ते सांगतो. रोग्याला झोपवून पाय उशांवर पाच-दहा मिनिटं उंच ठेवतो. शार्कोची लाली बऱ्यापैकी उतरते, इन्फेक्शनची तशीच राहते. मग दोन्ही पावलांचं तापमान साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरने त्याच जागी मोजतो. दोन अंश सेल्सिअसहून जास्त फरक असेल आणि कातडीला जखम नसेल, तर शार्को नाही हे सिद्ध होईपर्यंत तो शार्कोच. घरी हे करून स्वतःच निदान करू नका, पण तुमच्या डॉक्टरांना ‘शार्को असेल का?’ एवढं विचारायला हरकत नाही. राग आला तर येऊ दे.

प्लास्टर हवंच. साधं नाही, तळव्याला सगळीकडे चिकटून बसणारं, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. सूज उतरली की ते सैल होतं, म्हणून सुरुवातीला आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलावं लागतं. तीन महिने, कधी सहाही. धंदा बुडतो हे मला कळतं. पण आत्ता चाललात तर पावलाची कमान खाली कोसळून तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर येतो, मग त्या टेंगळावर जखम होते, जखमेतून हाडाला पू लागतो, आणि पुढचं ऑपरेशन कुठलं ते मी लिहीत नाही.

बरं झाल्यावर एमसीआर (मायक्रोसेल्युलर) या मऊ रबराची चप्पल जन्मभर, घरातसुद्धा. ही चप्पल आपल्याकडे कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांसाठी रुळली. कुष्ठरोगातही नसा जातात आणि पावलातली हाडं अशीच मोडतात. त्यामुळे काही मधुमेही मंडळी ‘ती चप्पल नको, लोक काय म्हणतील’ असं मला तोंडावर सांगतात. मी त्यांना पावलांचे दोन-चार फोटो दाखवतो.

प्रश्न : वय ३३, हिंजवडीत आयटीत काम करतो. पळत नाही, जिम नाही, वजन बेताचं. दोन्ही पावलांत मिळून मेटाटार्सलचं हे तिसरं फ्रॅक्चर, आणि प्रत्येक भरायला महिनोन् महिने लागले. ड जीवनसत्त्व तीनदा भरून घेतलं, रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता ॲलेंड्रोनेट सुरू करा म्हणतात. रिपोर्ट सोबत जोडले आहेत.

उत्तर : रिपोर्ट नॉर्मल नाहीत. तिन्ही कागदांवर अल्कलाइन फॉस्फटेजसमोर २१, २४, २२ असे आकडे आहेत. प्रयोगशाळेची खालची मर्यादा ४० आहे. कुणी लक्ष दिलं नाही कारण आपल्या सगळ्यांना हा आकडा *वाढलाय का* एवढंच बघायची सवय. ऑस्टिओमलेशियात तो वाढतो, मोडलेलं हाड भरतानाही वाढतो. तुमचं हाड मोडलेलं असताना तो कमी आहे, आणि एकदा नाही, तिन्ही वेळा.

आईला एक विचारा. दुधाचे दात पाच वर्षांच्या आधी, आणि मुळासकट, पडले होते का? मुळासकट पडलेला दुधाचा दात आई सहसा विसरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर माझा संशय हायपोफॉस्फटेशिया या जन्मजात, आनुवंशिक रोगावर आहे. अल्कलाइन फॉस्फटेज हे हाडात खनिज बसवायला लागणारं एन्झाइम आहे. ते जनुकातच तोकडं असलं की हाड नीट घट्ट होत नाही. मोठ्या माणसात तो रोग पहिल्यांदा दिसतो तो बरेचदा असाच, पावलाची हाडं मोडून आणि ती भरता भरत नाहीत म्हणून. कधी मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या अंगालाही चीर जाते. मांडी दुखत असेल तर तिचा एक्स-रे आधी.

ॲलेंड्रोनेट घेऊ नका. त्या जातीची औषधं या रोगात नुकसान करतात, मांडीचं हाड मोडायची भीती वाढते. ड जीवनसत्त्वही आता पुरे. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे, जा, रक्तातलं ब६ जीवनसत्त्व बघायला सांगा (या रोगात ते चढलेलं असतं, त्याआधी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात), आणि तेही जुळलं तर एएलपीएल जनुकाची तपासणी. जस्त किंवा मॅग्नेशियम कमी असणं, थायरॉइड मंद असणं, यांनीही हा आकडा उतरतो, ते आधी बाजूला काढतील. रोग ठरला तर एन्झाइमचं इंजेक्शन जगात २०१५पासून आहे, पण किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर. निदानाचा पहिला फायदा वेगळाच : चुकीचं औषध टळतं.

जाता जाता, याच वाटेवरचा आणखी एक आकडा दुर्लक्षात जातो, तो फॉस्फरसचा. तो कमी असेल आणि ड जीवनसत्त्व भरूनही पावलं मोडत असतील, तर रोगी टेनोफोविर हे एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस-बीवरचं औषध बरीच वर्षं घेतोय का, ते विचारावं. त्याने काहींच्या मूत्रपिंडातून फॉस्फरस गळतो. आणि मग अंगभर एखादी लहानशी गाठ शोधावी. फॉस्फरस वाहवून टाकणारं द्रव्य सोडणारी गाठ असते, वाटाण्याएवढीसुद्धा, आणि गंमत म्हणजे ती पुष्कळदा पावलातच सापडते. ती काढली की अंथरुणाला खिळलेला माणूस उठतो.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची. उंबऱ्याला ठेच लागून पायाचं चौथं बोट मोडलं. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘एन्कॉन्ड्रोमा, त्यातून पॅथॉलॉजिकल फ्रॅक्चर’ असं आलंय. गूगल केलं आणि दोन रात्री झोप नाही. कॅन्सर आहे का? (सांगली)

उत्तर : फोटोत दिसतंय त्यावरून नाही. एन्कॉन्ड्रोमा म्हणजे हाडाच्या पोकळीत राहून गेलेला कूर्चेचा गोळा, साधा. तो आतून वाढतो, हाडाची भिंत पातळ करतो, आणि एरवी नुसतं कळवळून विसरली असती अशा ठेचेने हाड मोडतं. शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधा, तीन-चार आठवडे. हाड भरलं की सावकाश ठरवू, गोळा खरवडून काढायचा की नुसतं लक्ष ठेवायचं. हातापायांच्या आणखी बोटांवर टेंगळं आहेत का, एक हात किंवा पाय आखूड आहे का, ते मात्र बघून कळवा. तसं असेल तर प्रकरण थोडं वेगळं. रात्री झोपमोड करणारं दुखणं किंवा भरभर वाढणारी सूज असेल तर पत्र नको, सरळ या. आणि गूगल बंद.

प्रश्न : बायकोच्या पावलाचं हाड तीन वर्षांपूर्वी चिरलं होतं. तेव्हापासून ती दर रविवारी ड जीवनसत्त्वाची साठ हजारी पावडर दुधातून घेते. केमिस्ट विनाचिठ्ठी देतो. हल्ली तिला तहान फार लागते, पोट साफ होत नाही, जेवण जात नाही. पावडर चालू ठेवावी का? (अमरावती)

उत्तर : नाही. हिची तर आजच बंद करा. साठ हजारीचा नेहमीचा कोर्स आठ आठवड्यांचा, पुढे लागली तर महिन्याला एक. तीन वर्षं दर आठवड्याला हा डोस भलताच झाला. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. तहान, बद्धकोष्ठ, मळमळ ही त्याचीच लक्षणं, आणि पुढचा नंबर मूत्रपिंडाचा. उद्या सकाळी कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्व, तिन्ही तपासा. कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्याही थांबवा. कॅल्शियम १२च्या वर आलं किंवा ती गुंगल्यासारखी वाटली तर थेट दवाखान्यात भरती करा, माझ्या उत्तराची वाट बघू नका. पावडरची रिकामी पाकिटं टाकली नसतील तर बरोबर न्या. एका पाकिटात किती युनिट होती ते डॉक्टरांना बघायचं असतं.